चाळिशीनंतर कराटे-ज्युडो सुरू करायचंय? आधी पडायला शिका

खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेने विचारलंय. वय ४६. मुलगी शनिवार-रविवार बेळगावला कराटे क्लासला जाते. तिला घेऊन आल्यावर ताई तास-दोन तास बाकावर बसून बघत राहतात आणि आता त्यांनाही शिकावंसं वाटतंय. दोन पावसाळ्यांपूर्वी घराच्या पायरीवर घसरून उजवं मनगट मोडलं होतं. हात चालतो, पण पडण्याची भीती गेलेली नाही. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो, बीपीची एक गोळी चालू आहे आणि घरात ‘या वयात कशाला?’ असा सूर आहे. क्लासमध्ये पोरांच्या मधे उभं राहायची लाजही वाटेल, असं त्या म्हणतात. सुरू करावं का, कराटे की ज्युडो, आणि झेपेल किती?

ताई, सुरू करा. मी ज्युडो आणि कराटे दोन्ही करते आणि बेळगावात चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना शिकवते, त्या अनुभवावरून सांगते. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला कराटेही वाटला नाही आणि ज्युडोही. मनगट मोडलं, हे महत्त्वाचं. तुम्ही कुठलाही प्रकार निवडा, पहिले दोन-तीन महिने तुम्हाला शिकायचंय ते पडायला. पंच आणि किक नंतर.

रस्त्यात कुणी अंगावर येईल आणि तुम्हाला किक मारावी लागेल, असा प्रसंग बहुतेकींच्या आयुष्यात कधीच येत नाही. घसरायचा प्रसंग मात्र दर पावसाळ्यात येतो. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस मी तुम्हाला काय सांगू! जून ते सप्टेंबर जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, परसात न्हाणीपाशी निसरडं, शेताच्या बांधावर चिखल, एसटीच्या पायरीवर ओल्या चपला. या वयातल्या बाईचा खरा प्रतिस्पर्धी जमीन आहे, आणि तिच्याशी गाठ पडल्यावर काय करायचं हे शाळेत कुणी शिकवत नाही. ज्युडोच्या मॅटवर मात्र तोच पहिला धडा असतो.

तुमचं मनगट कसं मोडलं असेल ते मला न बघता सांगता येतं. पाय घसरला, तोल गेला, हात आपोआप पुढे किंवा मागे ताठ झाला आणि तळव्यावर सगळं वजन आलं. कोपर ताठ, मनगट मागे वळलेलं. अंगठ्याच्या बाजूचं हाताचं हाड मनगटाच्या जरा वर मोडतं ते असंच. हात पुढे करणं ही उपजत क्रिया आहे, ती इच्छेने थांबवता येत नाही. तिच्या जागी दुसरी क्रिया बसवावी लागते आणि ती हजारदा करूनच बसते. ज्युडोतल्या पडण्याच्या या तंत्राला उकेमी म्हणतात. ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली, तेव्हापासून आजतागायत जगातल्या कुठल्याही ज्युडो क्लासची सुरुवात उकेमीने होते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बाजूला पडताना खुब्यावर येणारा जोर मोजला. मार्शल आर्टमधलं लोळत पडण्याचं तंत्र वापरलं की तो जोर बराच कमी होतो, असं त्यांना दिसलं. साठीनंतर खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे आपल्या प्रत्येक गल्लीत एखाद्या घराने बघितलेलं असतं.

आता हे शिकायचं कसं ते नीट सांगते, कारण घाईघाईत शिकवलेली उकेमी न शिकवलेल्यापेक्षा वाईट.

पहिला टप्पा झोपूनच. पाठीवर झोपा, गुडघे वाकवलेले, दोन्ही हात छातीवर. हनुवटी छातीकडे ओढा आणि नजर बेल्टच्या गाठीवर ठेवा. हे एवढंच डोकं वाचवतं. मागे पडताना नजर छताकडे गेली की डोक्याचा मागचा भाग आपटलाच समजा. मग दोन्ही हात एकदम मॅटवर मारायचे, शरीरापासून साधारण ३० ते ४५ अंशांत. तळवा आणि कोपरापर्यंतचा हात एकाच वेळी लागला पाहिजे, भाकरी थापताना पडतो तसा सगळा तळवा सपाट, बोटं जुळलेली. हात खांद्याच्या वर गेले तर खांदा दुखावतो, फार जवळ राहिले तर कोपर बरगडीखाली येतं. हात मारताना श्वास तोंडाने सोडायचा. बायका इथे श्वास धरून ठेवतात, मला प्रत्येकीला आठवण करावी लागते.

दुसऱ्या टप्प्यात बसून मागे झुलायचं, पाठ धनुष्यासारखी गोल करून. तिसऱ्यात उकिडवं बसून मागे. इथे आपल्या बायकांना एक मोठा फायदा आहे आणि तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. खाली बसून जेवणं, निवडणं-टिपणं, रोप लावताना वाकणं यामुळे आपल्याकडच्या चाळिशीतल्या बाईचा खुबा शहरात खुर्चीवर वाढलेल्या तरुणापेक्षा पुष्कळदा जास्त मोकळा असतो. उकिडवं बसता येणं म्हणजे जमिनीपर्यंतचं निम्मं अंतर तुम्ही स्वतःच्या ताब्यात कापलं. पडण्याची उंची जितकी कमी, तितका मार कमी. तुमचा गुडघा उकिडवं बसू देत नसेल तर हा टप्पा खाली दोन-तीन मॅट रचून, त्यावर बसून करायचा. लाज बाळगू नका.

मग बाजूला पडणं. खऱ्या आयुष्यात घसरणं बहुतेक वेळा बाजूला किंवा मागे होतं, म्हणून हे जास्त वेळ करा. त्यानंतर उभं राहून, तेही एक पाय पुढे सरकवत आधी उकिडवं, मग मागे. शेवटी पुढे तोंडावर पडणं, गुडघ्यावर बसून. त्यात दोन्ही हात कोपरापासून तळव्यापर्यंत त्रिकोणात मॅटवर येतात आणि तोंड बाजूला वळतं. तुम्हाला हे खास गरजेचं, कारण ताठ हाताची सवय इथेच मोडते. पुढे कोलांटी घेत पडण्याची उकेमी दिसायला सुंदर असते, पण मानेचा स्पॉन्डिलायसिस असलेल्या किंवा लोळताना गरगरणाऱ्या बाईने ती सोडून द्यावी. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकजणी ती कधीच करत नाहीत आणि त्यांचं काही अडत नाही.

मॅटवर हात आपटायला शिकवतात, पण घरच्या फरशीवर किंवा डांबरावर हात आपटून उपयोग नाही, तिथे हाताला लागेल. रस्त्यावर कामाला येतात त्या चारच गोष्टी: हनुवटी आत, पाठ गोल, खाली बसत पडणं, आणि हात ताठ न करणं. मॅटवरचा तो आवाज या चार गोष्टी एका वेळेला बसवण्यासाठी आहे.

आणि पडण्याइतकंच उठणं शिका. जमिनीवरून कशालाही न धरता उभं राहणं, दोन्ही बाजूंनी, दररोज. बीपीच्या काही गोळ्यांनी झटकन उभं राहताना रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा एक गुडघा टेकून क्षणभर थांबायचं, मग उभं राहायचं. आमच्या क्लासमध्ये निम्म्या बायका कन्नड बोलणाऱ्या, निम्म्या मराठी. सूचना दोन्ही भाषांत चालतात. त्यात दिवसभर सगळ्यात जास्त वेळा माझ्या तोंडी येतं ते ‘निधान, निधान’. हळू, ताई, हळू.

पण मॅटवर यायच्या आधी डॉक्टरकडे जा, आणि नुसतं ‘कराटे करू का?’ असं विचारू नका. त्याला डॉक्टर ‘चालेल’ किंवा ‘नको’ म्हणतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. नेमकं विचारा. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, तर हाडांची घनता तपासायला हवी का? चाळिशीपुढच्या बाईचं हाड साध्या घसरण्याने मोडलं तर ती खूण डॉक्टरांनी गंभीरपणे घ्यायला हवी. पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन कमी होतं आणि पुढची काही वर्षं हाडं वेगाने विरळ होतात. आपल्याकडे पाळी जाण्याचं वय साधारण ४५ ते ५० असतं, म्हणजे तुम्ही अगदी दारात आहात. आईचा किंवा मावशीचा खुबा मोडला असेल तर तेही सांगा. हाडांची घनता मोजायला डेक्सा नावाची तपासणी असते, त्यात दुखत-खुपत नाही. हाडं फारच विरळ निघाली तर दुसऱ्याने तुम्हाला फेकायचं नाही, पाठ गोल करून जोरात झुलणंही नाही. तरी तोल, पायांची ताकद, जमिनीवर जाणं-उठणं आणि काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, हे सगळं उरतंच. ते थोडं नाही.

दुसरं विचारा बीपीबद्दल. गोळी घेऊन बीपी ताब्यात असेल तर क्लासला अडचण नसते. श्वास कोंडून जोर लावणं मात्र टाळायचं, त्याने दाब एकदम चढतो. कराटेत पंच मारताना ‘किआइ’ ओरडतात, त्यात श्वास बाहेर जातो, म्हणून ओरडायला लाजू नका. कराटेच्या गोजू-र्यू शैलीतल्या सांचिन कातामध्ये सगळं अंग आवळून, घशातून आवाज काढत श्वास घेतात. तो काता बीपी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि अनुभवी शिक्षकाशिवाय करू नये. तुमची गोळी अटेनोलोल किंवा मेटोप्रोलोल गटातली असेल तर नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेऊ नका, त्या गोळ्या नाडी फारशी वाढू देत नाहीत. बोलून बघा. सराव करताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तीन शब्दांनंतर धाप लागली तर वेग कमी करा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, न जाणारी गरगर असं काही झालं तर सराव तिथेच थांबवायचा आणि डॉक्टर गाठायचे. सरांना काय वाटेल, असा विचारही मनात आणायचा नाही.

आणखी एक गोष्ट आहे, कुणी बाई स्वतःहून बोलत नाही, म्हणून मीच बोलते. उडी मारताना, जोरात ओरडताना, खोकताना थोडी लघवी जाते. बाळंतपण झालेल्या पुष्कळ बायकांना हे होतं. यामुळे कितीतरीजणी दुसऱ्या आठवड्यात क्लास सोडतात आणि कारण देतात की वेळ नाही. याला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात, फरक पडतो. तोवर उड्या बंद. आणि शिकवणारीला एका बाजूला घेऊन सांगा. शिकवणारा पुरुष असेल आणि संकोच वाटत असेल, तर ‘डॉक्टरांनी उड्या नको म्हटलंय’ एवढं पुरे.

आता कराटे की ज्युडो.

तुमच्यासाठी मी म्हणेन, ज्युडोची उकेमी आणि कराटेचा काता. एकाच छताखाली दोन्ही मिळणं अवघड असतं. बेळगावात कराटेचे क्लास टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ सगळीकडे सापडतील, ज्युडोची मॅट शोधावी लागते. म्हणून मुलगी जाते तिथेच नाव घाला, पण आधी सरांना सरळ विचारा, ‘पडायला शिकवता का?’ नुसतं कराटे शिकलेल्या शिक्षकांना उकेमी जुजबी येत असू शकते. तसं असेल तर ज्युडो येणाऱ्या कुणाकडून सुरुवातीचे काही धडे वेगळे घ्या, मग कराटेच्या क्लासमध्ये वॉर्म-अपनंतर दहा मिनिटं तेच करत राहा.

ज्युडोत सगळीच फेकाफेकी नसते. कानोंनीच बसवलेला ‘जू नो काता’ आहे. त्यात पंधरा तंत्रं, पाच-पाचच्या तीन संचांत. जोडीने करायचा, संथ, आणि त्यात कुणीही शेवटपर्यंत फेकलं जात नाही. ज्युडोचा खास ड्रेस नसला तरी साध्या कपड्यांत करता येतो. तोल कुठे जातो, समोरच्याचं वजन कुठे आहे, आपलं अंग किती वळतं हे त्यात कळतं. केइको फुकुदा या त्या कात्याच्या नामांकित जाणकार. जन्म १९१३, १९३५ साली कोदोकानला गेल्या, १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी जू नो काता सादर केला, २०११ साली अमेरिकेत त्यांना दहावा दान, म्हणजे ज्युडोतली सगळ्यात वरची पायरी, मिळाला आणि २०१३ साली जवळजवळ शंभराव्या वर्षी त्या गेल्या. नव्वदी ओलांडल्यावरही शिकवत होत्या. घरात ‘या वयात’ म्हणणाऱ्यांना हे नाव सांगा. गिचिन फुनाकोशी ओकिनावाहून टोकियोला कराटे घेऊन गेले ते १९२२ साली, तेव्हा तेही पन्नाशी ओलांडलेले होते. अर्थात ते दोघं तरुणपणापासून करत आलेले. तुमची सुरुवात ४६व्या वर्षी आहे. तरी त्यांच्यावरून एवढं नक्की दिसतं की ही विद्या वयाबरोबर संपत नाही, तिचं रूप बदलतं.

कराटेतल्या सुरुवातीच्या हेइआन मालिकेतले पाच काते कराटेचे जुने शिक्षक इतोसू यांनी ओकिनावाच्या शाळकरी पोरांसाठी बसवलेल्या पिनान कात्यांमधून आले. म्हणून ते पायरी-पायरीने शिकता येतात आणि तुमच्यासारख्या शिक्षिकेला त्यांची रचना पटकन कळेल. काता एकटीने करायचा असतो, वेग आपल्या हातात, आणि घरच्या अंगणातही करता येतो.

गुडघ्याचं बघू. जिना चढताना नाही, उतरताना दुखतो, म्हणजे बहुधा गुडघ्याच्या वाटीमागचं दुखणं. मांडीचे पुढचे स्नायू कमजोर असले की ते वाढतं. त्यात बळ आलं की पुष्कळजणींना आराम पडतो, म्हणून नीट केलेलं कराटे इथे मदतच करेल. नीट म्हणजे काय? लांब, खोल स्टान्स (उभं राहायची ढब) नको. झेन्कुत्सूमध्ये, म्हणजे पुढचा पाय वाकवून उभं राहण्यात, पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहिला पाहिजे, आत कलला नाही पाहिजे. आरशासमोर उभं राहून तपासा. किक कमरेपर्यंत पुरे, त्यापुढे कुणी आग्रह केला तरी नको. मावाशी-गेरी म्हणजे गोल किक मारताना खालचा पाय चवड्यावर वळलाच पाहिजे. पावसाळ्यात मॅट दमट आणि घामाने चिकट होते, पाऊल चिकटून राहतं, वरचं अंग वळतं, आणि मधे सापडतो तो गुडघा. चाळिशीपुढच्यांच्या गुडघ्याच्या दुखापती मी सगळ्यात जास्त याच एका कारणाने बघितल्या आहेत. सुरुवातीचे सहा महिने गोल किक शिकलीच नाही तरी चालेल. गुडघा सुजला, अडकला, किंवा अचानक वाकून धोका देऊ लागला तर मात्र हाडांच्या डॉक्टरकडे जा.

लहान मुलांच्या क्लासमधला वॉर्म-अप मोठ्यांसाठी नाही. बेडूकउड्या, बदकचाल, मैदानाच्या फेऱ्या आणि मग शंभर किक. बारा वर्षांच्या पोरीचं ते काही बिघडवत नाही. तुम्ही ते केलंत तर तिसऱ्या दिवशी टाचेमागची शीर धरेल. मध्यमवयात स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना त्याच ताकदीला यायला कित्येक महिने लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ‘आता मला जमतंय’ असं वाटतं, आणि नेमक्या त्याच काळात टाच, कोपर, खांदा धरतो. तेव्हा हात आखडता घ्या. स्नायूंचं ठसठसणं दोन दिवसांत जातं, दोन्ही बाजूंना सारखं असतं. एकाच जागी टोचणारं, सकाळी उठल्यावर वाढणारं दुखणं निराळं, त्यावर सराव चढवायचा नाही. खांदा वर जाईनासा झाला तर जास्त जपा, चाळिशी ते साठीत खांदा गोठतो आणि शुगर असलेल्यांना जास्त. म्हणून शुगरही एकदा तपासून घ्या.

आठवड्याला दोन दिवस क्लास आणि रोज घरी दहा-पंधरा मिनिटं, एवढं सुरुवातीला भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम अशी आहे. दोन क्लास आणि बाकी दिवस शाळेपर्यंत चालत गेलात तर ते सहज भरतं. घरी करायचं ते साधं: एका पायावर उभं राहणं, भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं, हाताची मूठ वळून भिंतीवर जोर. मनगट मोडलेल्यांनी जमिनीवरचे जोर तळव्यावर न काढता मुठीवर, मऊ मॅटवर काढावेत, मनगट सरळ राहतं. उकेमीचे फक्त पहिले दोन टप्पे घरी करा, जमिनीवर अंथरलेल्या कापसाच्या जाड गादीवर. कॉटवर नको.

आपल्या भागाचं म्हणून दोन शब्द. लाठी-दांडपट्टा हाही एक चांगला रस्ता आहे. बेळगावात वैशाखातली शिवजयंती आणि चित्ररथांची मिरवणूक तुम्ही बघतच असाल, त्यात मर्दानी खेळ करणाऱ्या पोरी आता दिसतात. लाठी फिरवताना पडायचं नाही, उड्या कमी, मनगटाची आणि पकडीची ताकद येते. मोडलेल्या मनगटाला हळूहळू, हलक्या वेताने सुरुवात केली तर उत्तम. आणि घरात ‘कशाला?’ म्हणणारे लहानपणी तालमीत गेलेले असतील तर त्यांना हौद्याची आठवण करून द्या. लाल माती रोज खणून, ताक-तेल-हळद घालून मऊ ठेवतात ती पडणाऱ्याचं अंग वाचावं म्हणूनच. पडणं हा सरावाचा भाग आहे हे आपल्या वस्तादांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मात्र कुस्ती आता सुरू करू नका, मानेवर येणारा भार या वयाला झेपत नाही.

क्लास निवडताना पैसे भरायच्या आधी एक पूर्ण तास बसून बघा. तुम्ही तर कितीतरी तास बघितलेत, आता या नजरेने बघा: पडण्याचा सराव नुसत्या फरशीवर चालतो का? तसं असेल तर बाहेर या. कराटेला दोन सेंटिमीटरची जोडमॅट चालते, फेकण्याचा सराव असेल तर चार सेंटिमीटरची हवी. मोठ्यांना जोडीदार कोण देतात? आडदांड कॉलेजचा पोरगा तुमच्याशी जोडीला दिला आणि सर फोनवर बोलत उभे, असं दिसलं तर तो क्लास तुमचा नाही. कुणाही जोडीदाराला नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, कारण सांगायची गरज नाही. पकडीत दुखलं तर मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर हाताने दोनदा थापटा, त्याने त्याच क्षणी सोडलं पाहिजे. न सोडणाऱ्याबरोबर पुन्हा उभं राहू नका. बेल्टच्या परीक्षा महिन्या-महिन्याला, फी वाढत्या आणि दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची खात्री, असं कुणी सांगितलं तर तिथे विद्या कमी आणि प्रमाणपत्रं जास्त. तुमच्या बेल्टचा रंग कुठला आहे याने पायरीवरच्या शेवाळाला फरक पडत नाही.

पोरांच्या मधे उभं राहायची लाज वाटेल, असं तुम्ही लिहिलंय. पहिले तीन-चार क्लास वाटते. मग पोरं विसरतात आणि तुम्हीही. तुमच्या मुलीला मात्र आधी विचारा. तिला तिची जागा स्वतःची हवी असेल तर वेगळ्या बॅचला या. मोठ्या बायकांची बॅच नसेल तर अजून तीन-चार शिक्षिका गोळा करा, सर नक्की काढतील.

स्वसंरक्षणाबद्दल मी कुणाला खोटा भरवसा देत नाही. वर्षभर कराटे शिकलेली ४६ वर्षांची बाई दणकट पुरुषाला लोळवेल असं नाही. तिला अंतर कळतं, आवाज निघतो, मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने सोडवून घेता येतं, ढकललं तर ती डोकं न आपटता पडते आणि उठून पळते. ओरडणं, पळणं आणि ११२ लावणं हेच पहिलं. दोन तासांच्या शिबिरात हे येत नाही, डोळे काढायच्या नि जांघेत मारायच्या युक्त्या तिथे शिकवतात आणि बायकांना फसवा धीर देतात.

सुरुवात एप्रिलमध्ये करा. शाळेला सुट्टी असते आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तुमच्याकडे सात-आठ आठवडे राहतात. रोज वीस-तीस वेळा पडलात तर मेअखेर हनुवटी आपोआप आत जायला लागेल. उन्हाळ्यात मॅट कोरडी असते, तेही बरं. जेवण आणि क्लास यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

पहिल्या दिवशी सैल ट्रॅक पॅन्ट आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट पुरे, कराटे ड्रेस महिनाभराने घ्या. काचेच्या बांगड्या काढून या, पडताना फुटतात आणि कापतात. जोडवी काढा, मॅटच्या फटीत अडकून बोट मोडतं. कानातलं काढा. मंगळसूत्र काढायला मन होत नसेल तर समजू शकते, पण पकडीच्या सरावात ते गळ्यात राहिलं तर मानेला काच बसतो. क्लासपुरतं ते पर्समध्ये ठेवा आणि पर्स मुलीकडे द्या. हातापायाची नखं कापलेली हवीत. आणि सरांना पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर नाही तर बाजूला, तीन गोष्टी सांगा: मनगट मोडलं होतं, गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे. हे ऐकून त्यांनी तुमचा सराव बदलला तर तिथेच राहा.